फोंड्याच्या कॅम्पातल्या आठवणी रेकॉर्ड करा, मंत्रीसाहेब

माननीय कला व संस्कृती मंत्री, गोवा राज्य, यांना सप्रेम नमस्कार.

साहेब, मी फोंड्याची. दरवर्षी १९ डिसेंबरला परेड होते, भाषणं होतात, १९६१ ला गोवा पोर्तुगीजांकडून सोडवणारं भारतीय सैन्याचं ऑपरेशन विजय सगळ्यांना पाठ आहे, पण २० डिसेंबरपासून पुढे काय झालं ते कोणी सांगत नाही. तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक १९६२ च्या मे महिन्यापर्यंत इथेच कैदेत होते, फोंड्यात, नावेलीत, वास्कोत. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने शेवटच्या माणसापर्यंत लढायला सांगितलेलं, गोव्याच्या गव्हर्नर वासालो ई सिल्वाने ऐकलं नाही, पूल उडवले ते उडवले पण शहरं वाचली आणि ही पोरंही वाचली, लिस्बनला मात्र ती नामुष्की वाटली.

माझे आजोबा तेव्हा सोळा वर्षांचे. पोर्तुगीज शाळेत 'प्रिमेर ग्राव' (प्राथमिक परीक्षा) झालेलं, म्हणून कॅम्पाच्या गेटवर दुभाषा लागला की त्यांनाच बोलवायचे. पहाऱ्यावर एक साताऱ्याकडचा शिपाई, त्याला पोर्तुगीजचं अक्षर येत नाही, कैद्याला मराठीचं येत नाही, मध्ये आजोबा. त्यांची चाळीस पानी वही अजून आमच्याकडे आहे, पुठ्ठा वाळवीने खाल्लाय, आत पेन्सिलीने डावीकडे पोर्तुगीज शब्द देवनागरीत आणि उजवीकडे मराठी. पांव म्हणजे पाव, साबांव म्हणजे साबण, शाव म्हणजे चावी, बटाटा तर बटाटाच. तो शिपाई वही बघून म्हणाला होता, अरे म्हणजे मी जन्मभर ह्यांचीच भाषा बोलतोय की! (तुरुंग हा शब्दसुद्धा त्यांच्या 'त्रोंकु'वरून आलाय.) मग रोज एकेक शब्द व्हायचा. कैद्याने 'जेवलास का' शिकून घेतलं आणि पहारा बदलला की येईल त्या शिपायाला तेच विचारायचा.

सगळं गोडच होतं असं मी म्हणत नाहीये. मार्चमध्ये फोंड्याच्या कॅम्पातून कचऱ्याच्या ट्रकमधून पळायचा प्रयत्न झाला आणि त्यावरून बंदुका रोखल्या गेल्या होत्या. आणि त्याआधी आपल्या माणसांनी आग्वाद किल्ल्यातल्या तुरुंगात काय सोसलं ते विसरून चालणारच नाही. सवई-वेरेला मराठी शिकवायला आलेले मोहन रानडे १९५५ ला पकडले गेले, पार पोर्तुगालच्या काशियास जेलमध्ये राहिले आणि गोवा मुक्त होऊन सात वर्षं झाल्यावर १९६९ ला सुटले. आग्वादच्या म्युझियममधली आपल्या स्वातंत्र्यसैनिकांची एक इंचही जागा कमी करू नका, फक्त एक छोटी खोली त्या पाच महिन्यांना द्या.

पण खोलीच्या आधी माणसं गाठा. तेव्हाचे पंधरा-वीस वर्षांचे मुलगे-मुली, कॅम्पात पाव टाकणारे पोदेर, कपडे धुणाऱ्या बायका, सगळे आता ऐंशीच्या आसपास किंवा पुढे. दोन माणसं, एक चांगला रेकॉर्डर, मराठी-कोंकणी दोन्ही कळणारं कोणीतरी, एवढंच लागतं. मी ही वही घेऊन एका सरकारी ऑफिसात गेले होते, तिथे सांगितलं की टाइप करून अर्जासोबत जोडा. साहेब, पेन्सिलीचं ते अक्षर टाइप करून काय उरणार?

आजोबांना सकाळी नावांचा गोंधळ होतो, दुपारची झोप झाली, चहा झाला की सगळं नीट आठवतं. कोणाला पाठवणार असाल तर पाचनंतर पाठवा, मी घरीच असते, वही काढून ठेवते.

आपली नम्र,
फोंड्याची एक नात