नार्व्याच्या खाजनाविषयी, चि. बाबूस

नार्वे, दिवाडी

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "शेत पडीकच आहे ना, मग भाडं येतंय तर येऊ दे." बाबा समोरच बसले होते म्हणून मी गप्प राहिले. पण ते डोक्यातून गेलं नाही. फोनवर बोलायला लागले की मधेच तुझी मीटिंग निघते, म्हणून लिहिते. सवडीने वाच.

शेत भाड्याने मागणारा तो कोळंबीवाला काय मागतो ते आधी नीट समजून घे. त्याला शेत विकत नको आहे. तसं ते घेताही येणार नाही, कारण गोव्याच्या 2023 च्या कायद्याने भातशेती शेतकरी नसलेल्याला विकायला बंदी आहे. त्याला आपलं आणि आजूबाजूच्या कुळांचं खाजन, म्हणजे नदीकाठची बांध घातलेली ही शेतं, कराराने हवंय, आणि मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, बारा महिने उघडी हवी आहे. खारं पाणी आत घेऊन तो कोळंबी सोडणार. पुण्यात बसून तुला वाटतं, पडीक जमिनीत कोळंबी झाली तर बिघडलं कुठे? मानशीवर तू गळ टाकून बसायचास, तिथली मासळी तुला ठाऊक आहे. पाण्याचा हिशेब मात्र बाबांकडे असायचा. तो आज मी सांगते.

दिवाडीची ठेवण डोळ्यांसमोर आण. मध्ये डोंगरी, वर पिएदाद गावातली इगर्ज (चर्च), डोंगरीच्या पायथ्याला घरं, आणि घरांपासून मांडवीपर्यंत खाजन. हे खाजन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. म्हणजे रोज दोन वेळा नदी आपल्या शेतापेक्षा उंच चढते, आणि तिला अडवायला चिखल, पेंढा नि चिरे रचून केलेला बांध तेवढा असतो. गोव्यात अशी सुमारे 18,000 हेक्टर खाजनं आहेत, आणि ती सगळी माणसांनी हातांनी नदीकडून मिळवलेली.

बांधात मानस. चिऱ्यांची चौकट आणि तिला वरून टांगलेल्या लाकडी झडपा. ओहोटी लागली की आतलं पाणी झडपा बाहेर लोटून नदीत उतरतं. भरती लागली की नदीच त्या झडपा दाबून बंद करते. मोटर नाही, वीज नाही. पण फळ्यांच्या फटी बघाव्या लागतात. बाबा गुडघाभर पाण्यात उभे राहून पेंढा आणि चिखल बोटांनी कोंबत असत, वरून खाली, एकेक फट. बोटभर जागा राहिली तरी रात्रीच्या भरतीला खार आत शिरतो, आणि दोन-चार दिवसांत त्या कडेची रोपं शेंड्याकडून तांबूस पडत येतात. कुर्ल्या बांधात भोकं पाडतात, तीही रोजची कटकट. आणि खाणी जोरात होत्या तेव्हा खनिजाच्या बार्जी मांडवीतून जायच्या, त्यांच्या लाटांनी बांधाची माती किती खाल्ली ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

पहिला पाऊस झाला की मीठ धुऊन ओहोटीबरोबर बाहेर सोडायचं. जमीन गोडी झाली की मोड आलेलं बी फेकायचं. कोरगुट जातीचं भात थोडा खार सोसतं, म्हणून इथे कोरगुटच. कापणी झाली की मात्र आपणच खारं पाणी आत घेतो आणि त्यात मासळी वाढते. शेवटे, काळुंद्र, सुंगटं, नशीब असलं तर चणक. मानशीवरच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होते, आणि त्या पैशांतून बांधाची डागडुजी. मृगाच्या आत पाणी पुन्हा बाहेर. बाबू, मासळीला आपली कधीच ना नव्हती. खार किती महिने आत ठेवायचा, एवढाच काय तो प्रश्न आहे.

मानस बारमाही उघडी राहिली तर पावसाने धुऊन जायचं मीठ जमिनीतच मुरणार. आपल्या शेताला भिंत नाही, खार शेजारच्या कुणग्यात, म्हणजे शेताच्या तुकड्यात, झिरपणार. ते शेजारी अजून पेरतात, वर्षभराचे उकडे तांदूळ त्यांचे घरचे असतात. पुढे पायथ्याच्या विहिरी मचूळ होणार. आणि पाणी साचून राहिलं की खारफुटी रुजते. एकदा ती वाढली की कायद्याने तोडता येत नाही, आणि तोडू नये हेही मला पटतं, पण मग ते शेत परत शेत होत नाही. करार पाच वर्षांनी संपेल. जमीन पाच वर्षांनी परत मिळणार नाही.

पूर्वी हे सगळं गावकारी म्हणजे कोमुनिदाद, गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, बघायची. बांध फुटला की घरटी माणूस निघे. मुक्तीनंतर 1964 च्या कूळ कायद्याने आणि मग 1976 च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमीन मिळाली. आपल्या आजोबांनाही त्यामुळेच मिळाली, ते मी कधी विसरणार नाही. पण बांध कुणा एकाच्या नावावर होत नाही. तो कुळांच्या संघाकडे आला, आणि संघ माणसांवर चालतो. माणसं दुबई-पुण्याला गेली तशी बैठकीतली बाकं रिकामी झाली. आपलं शेत पडीक राहिलं ते बाबांचे गुडघे गेले म्हणून आणि मजूर मिळत नाहीत म्हणून. ती जमीन वाईट झालेली नाही.

तू म्हणशील, आई, तू तर पलीकडची, तुला एवढा पुळका का? खरंय, माझं माहेर नदीपलीकडचं, डिचोलीकडचं नार्वे. पण सप्तकोटेश्वर मूळचा इथला, दिवाडीचा. कदंब राजे आपल्या सोन्याच्या नाण्यांवर त्याचं नाव घालत. पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, देव पाण्यापलीकडे गेला, आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी तिथे त्याचं देऊळ नव्याने बांधायला लावलं. गोकुळाष्टमीला नार्व्याला स्नानाला लोक अजून लोटतात. देव इकडून तिकडे गेला, मी तिकडून फेरीबोटीने इकडे आले. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात सासूबाईंनी मला तण काढायला बांधावर नेलं. ओळीत आमच्यातल्या बायका होत्या, किरिस्तांव बायका होत्या. कोणाची भाजी कोणाच्या डब्यात गेली त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. त्या चिखलात उभं राहून मी या गावची झाले.

बोंदेरां, आपला बावट्यांचा सण, आठवतोय ना तुला? ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी पिएदादला वाड्यावाड्याचे बावटे, पोरांच्या हातात फोटाश, म्हणजे बांबूच्या खेळण्यातल्या बंदुका. मूळ सगळं शेताच्या हद्दींच्या भांडणातलं. एकेका हद्दीसाठी लोक असे भांडले, आणि आपण तीच जमीन मिठाला द्यायची, हे मला सहन होत नाही.

आता खरं सांगते. जमीन बाबांच्या नावावर आहे, सही त्यांची लागेल. पण आजकाल ते तुझ्या शब्दाबाहेर जात नाहीत. तू "होय" म्हणालास तर ते मुकाट सही करतील आणि मग बांधाकडे फिरकणार नाहीत. म्हणून तू त्या माणसाला होय म्हणू नकोस. पैशांची अडचण असेल तर मला मोकळेपणी सांग, माझी पाटली आहे.

शेजारचे काका म्हणाले, यंदा आपलं शेत ते पेरतील, अर्धं भात आपल्याला. बी त्यांच्याकडे आहे. मनुष्यबळ हवंय ते बांधाला. मेअखेरीस कुळांची बैठक आहे आणि त्याच आठवड्यात पौर्णिमेची मोठी भरती. तेव्हा ये. करमळीला उतर, जुने गोव्याच्या धक्क्यावरून फेरी घे, अलीकडे बाबा स्कूटर घेऊन उभे राहतील. दुसऱ्या दिवशी काकांबरोबर मानशीच्या फळ्या बदलायच्या आहेत.

येताना दोन जोड गमबूट आण. बाबांचा आठ नंबर, तुझा तुला माहीत.

तुझी
आई