लॅपटॉप घेताना दुरुस्तीची माहितीही मिळायला हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अभियांत्रिकी प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की टिळक रस्त्यावरच्या संगणकाच्या दुकानांत पालक आणि मुलांची गर्दी होते आणि जो तो एकच विचारतो : भरवशाची कंपनी कोणती? महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेची देखभाल करण्यात माझी सारी नोकरी झाल्यामुळे नातलग आणि शेजारीही मला हेच विचारतात. या प्रश्नाला एखाद्या कंपनीचे नाव सांगून मोकळे होणे मला पटत नाही. ते का, हे आपल्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

झाकणावरचे नाव एकच असले तरी आतला माल एकसारखा नसतो. लेनोवोचा थिंकपॅड आणि आयडियापॅड, एचपीचा एलिटबुक आणि पॅव्हिलियन, डेलचा लॅटिट्यूड आणि इन्स्पिरॉन, एसरचा ट्रॅव्हलमेट आणि अस्पायर या प्रत्येक जोडीतील पहिली मालिका कार्यालयांसाठी आणि दुसरी घरगुती ग्राहकांसाठी बनवलेली आहे. (डेलने २०२५पासून ही नावे बदलली असून कार्यालयीन मालिका आता ‘डेल प्रो’ या नावाने येते.) कार्यालयीन यंत्रांत बिजागऱ्या मजबूत असतात, खालचे झाकण साध्या स्क्रूंनी उघडते, बॅटरी आणि कळफलक बदलण्याची सोय पुष्कळदा विचारपूर्वक केलेली असते आणि बऱ्याच वेळा वॉरंटीही तीन वर्षांची मिळते. घरगुती मालिकेत किंमत आवाक्यात ठेवायची असल्याने काटकसर नेमकी याच ठिकाणी होते. म्हणून एखाद्याने ऑफिसातून मिळालेल्या लॅपटॉपची केलेली स्तुती आणि दुसऱ्याने त्याच कंपनीच्या स्वस्त लॅपटॉपबद्दल केलेली तक्रार या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. शिवाय निरनिराळ्या नावांनी विकले जाणारे पुष्कळसे लॅपटॉप प्रत्यक्षात क्वांटा, कॉम्पाल यांसारख्या मोजक्या तैवानी उत्पादकांच्या कारखान्यांत तयार होतात, हेही लक्षात घ्यायला हवे.

नावाचा भरवसा कायमचा असतो असेही नाही. थिंकपॅड ही मालिका आयबीएमने १९९२मध्ये सुरू केली आणि २००५मध्ये तो सारा व्यवसाय लेनोवोकडे गेला. मालक बदलला, तरी मालिका टिकली. उलट सोनीने २०१४मध्ये आपला ‘व्हायो’ हा संगणकांचा विभाग विकला आणि एके काळी लॅपटॉपच्या क्षेत्रात अग्रेसर असलेली तोशिबा २०२०मध्ये या धंद्यातून पूर्णपणे बाहेर पडली.

लॅपटॉपमध्ये मोडते काय, हे दुरुस्तीच्या टेबलावर बसणाऱ्याला चांगले ठाऊक असते : बिजागरी, चार्जिंगचा सॉकेट, कळफलक आणि बॅटरी. यांपैकी बिजागरीचे दुखणे सर्वांत चीड आणणारे आहे. बिजागरीचे स्क्रू ज्या पितळी नटांत बसतात, ते नट स्वस्त यंत्रांत नुसत्या प्लास्टिकमध्ये रुतवलेले असतात. रोजच्या उघडझापीने ते प्लास्टिक तडकते, झाकण उचलताच कडेची पट्टी उखडते आणि सर्व्हिस सेंटर मात्र ‘हे बाहेरून झालेले नुकसान आहे’ असे सांगून वॉरंटी नाकारते. आमच्या विभागातील एका विद्यार्थ्याचा लॅपटॉप कधीही पडलेला नसताना त्याला हेच उत्तर मिळाले होते. रॅमचे, म्हणजे चालू काम तात्पुरते साठवणाऱ्या मेमरीचे, दुखणेही मोठे आहे. पूर्वी ती काढून दुसरी बसवता येत असे. आता पातळ यंत्रांत ती बहुधा मदरबोर्डवरच (यंत्राच्या मुख्य सर्किट बोर्डवर) सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची जोडलेली असते, त्यामुळे ती पुढे वाढवता येत नाही आणि बिघडली तर अख्खा मदरबोर्ड बदलण्याची वेळ येते. बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज होऊन उतरली की तिची क्षमता मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे चार वर्षांच्या अभ्यासक्रमात ती एकदा बदलावी लागेल हे धरूनच चालावे. तरीही नवी बॅटरी केवढ्याला मिळेल, हे खरेदीच्या वेळी विचारणारा ग्राहक क्वचितच भेटतो.

पुण्यात शिकणारी असंख्य मुले नंदुरबार, लातूर, धाराशिवकडची असतात. त्यांच्या पालकांनी वॉरंटी किती वर्षांची आहे एवढ्यावर न थांबता ती ‘ऑनसाइट’ (तंत्रज्ञ घरी येऊन दुरुस्ती करतो अशी) आहे की यंत्र आपणच सर्व्हिस सेंटरवर न्यायचे आहे, आणि ते केंद्र आपल्या जिल्ह्यात आहे का, हेही विचारावे. ज्यांना नवे यंत्र परवडत नाही, त्यांनी कंपन्यांतून निघालेला कार्यालयीन मालिकेतील जुना लॅपटॉप पक्क्या बिलासह घ्यायला माझ्या मते काहीच हरकत नाही. मात्र विंडोज १०चा नियमित आधार, म्हणजे कंपनीकडून सुरक्षेच्या सुधारणा मिळणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ला इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. त्यापेक्षा जुने यंत्र कितीही मजबूत असले, तरी विद्यार्थ्याच्या गळ्यात मारू नये.

हे सारे ग्राहकाने एकट्याने शोधून काढावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दहापैकी दुरुस्ती-गुण छापणे बंधनकारक झाले. यंत्र उघडायला किती सोपे आहे, दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग मिळतात का, त्या भागांची किंमत काय, या निकषांवर हे गुण ठरतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ने वस्तूचा दर्जा आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क आपल्यालाही दिला आहे, आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टलही सुरू केले. त्या विभागाने नेमलेल्या समितीने २०२५मध्ये दुरुस्ती-निर्देशांकाचा, म्हणजे अशाच दुरुस्ती-गुणांचा, आराखडा सादर केला; पण त्यात आरंभीचे प्राधान्य स्मार्टफोन आणि टॅबलेट यांना आहे. मध्यमवर्गीय घरात शिक्षणासाठी होणाऱ्या मोठ्या खर्चांपैकी लॅपटॉप हा एक खर्च आहे, तेव्हा त्याचा समावेश पहिल्याच टप्प्यात व्हावा आणि हा निर्देशांक ऐच्छिक न ठेवता सक्तीचा करावा, अशी माझी मागणी आहे.

तोवर पुण्यातील विक्रेत्यांनाही पुष्कळ काही करता येईल. बॅटरीची आजची किंमत, रॅम सोल्डर केलेली आहे की बदलता येण्याजोगी, आणि सुटे भाग किती वर्षे मिळण्याची हमी कंपनी देते, एवढ्या तीन गोष्टी किमतीच्या पाटीवर लिहायला कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक,
कर्वेनगर, पुणे