मार्गदर्शन घेणाऱ्याचीही तयारी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

होतकरू तरुणांना चांगले मार्गदर्शक मिळत नाहीत, ही तक्रार नेहमी कानावर येते आणि तिच्यात तथ्यही आहे. मात्र मार्गदर्शक मिळाल्यानंतर शिकणाऱ्याने काय करायचे, याविषयी फारसे लिहिले जात नाही. कार्यालयात नव्याने रुजू होणाऱ्यांना अनेक वर्षे मार्गदर्शन केल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की, हे नाते चालते ठेवण्याची मुख्य जबाबदारी शिकणाऱ्याचीच असते. भेटीची वेळ मागणे, विषय ठरवणे आणि ठरलेल्या गोष्टी तडीस नेणे, ही कामे ज्याला गरज आहे त्याने अंगावर घ्यायला हवीत.

बहुतेक जण "मला मार्गदर्शन करा" एवढेच म्हणत येतात. इतक्या मोघम विनंतीला उत्तरही मोघमच मिळते. माझी एक तरुण सहकारी मात्र प्रत्येक भेटीच्या आदल्या दिवशी चार ओळींचे टिपण पाठवत असे : मागच्या वेळी काय ठरले, त्यातले काय केले, काय जमले नाही आणि आज काय विचारायचे आहे. एकदा तिने लिहिले होते, "बैठकीत मी तीनदा बोलायला सुरुवात केली आणि तिन्ही वेळा मला मध्येच तोडले गेले. अशा वेळी तुम्ही काय करत होता?" या प्रश्नावर उपदेश करून भागण्यासारखे नव्हते, मला माझे स्वतःचे जुने प्रसंग, त्यांतल्या चुकांसह, सांगावे लागले. मार्गदर्शकाकडून मनमोकळे बोलणे काढून घेण्याची ताकद अशा नेमक्या प्रश्नात असते.

याचे एक जुने उदाहरण म्हणजे पुढे थोर शास्त्रज्ञ झालेला मायकेल फॅरडे. सुरुवातीला तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा तरुण होता. १८१२ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकून त्याने तपशीलवार टिपणे काढली, त्यांची सुमारे ३०० पानांची वही स्वतः बांधून डेव्हींकडे पाठवली आणि मार्च १८१३ मध्ये तो तेथेच साहाय्यक म्हणून रुजू झाला. विनंती करण्याआधी त्याने काम करून दाखवले होते. पुढे १८२१ मध्ये विद्युतचुंबकीय परिभ्रमणावरील (विजेचा प्रवाह वाहणारी तार चुंबकाभोवती फिरवण्याचा) शोध प्रसिद्ध करताना डेव्ही आणि शास्त्रज्ञ वुलस्टन यांनी त्याच दिशेने केलेल्या प्रयत्नांचा उल्लेख त्याच्याकडून राहिला आणि मने दुरावली. रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेचे सदस्यत्व फॅरडेला १८२४ साली मिळाले, तेही तिचे अध्यक्ष असलेल्या डेव्हींच्या विरोधाला न जुमानता. डेव्हींचे वागणे मला समर्थनीय वाटत नाही. तरीही ज्यांच्याकडून शिकलो त्यांचे ऋण वेळेवर आणि उघडपणे मान्य करणे किती आवश्यक आहे, हे यातून दिसते.

हे मी स्वतः चुकल्यामुळेही लिहीत आहे. उमेदवारीच्या काळात एका ज्येष्ठांनी मला नवी नोकरी स्वीकारण्यापूर्वी कोणत्या गोष्टींची खात्री करून घ्यावी, हे दोन तास बसून समजावले होते. त्या सल्ल्याचा मला मोठा उपयोग झाला, पण तसे कळवायचे राहून गेले. दोन वर्षांनी भेट झाली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "त्याचे पुढे काय झाले?" ते इतके दिवस त्या उत्तराची वाट पाहत होते, हे लक्षात आल्यावर मला अतिशय खजील व्हायला झाले.

दिलेला प्रत्येक सल्ला पाळलाच पाहिजे, असे नाही. सल्ला पटला नाही तर कारणासह तसे सांगावे. समोर मान डोलावून मागे आपल्याच मनाचे करणाऱ्याला पुढे कोणी मनापासून सांगत नाही. तसेच मार्गदर्शकाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट चारचौघांत जाता कामा नये.

मार्गदर्शन योजना राबवणाऱ्या अनेक संस्था मार्गदर्शकांसाठी प्रशिक्षण ठेवतात. तसेच एखादे सत्र शिकणाऱ्यांसाठीही ठेवावे आणि पहिल्या भेटीपूर्वी त्यांच्याकडून निदान तीन प्रश्न लिहून घ्यावेत, अशी माझी या संस्थांना आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक