जबड्याचे दुखणे नेमके कोणाच्या खात्यात?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत दातांच्या निगेवर आलेला लेख वाचला. कीड, हिरड्या, कवळी यांविषयी त्यात सविस्तर माहिती होती. परंतु झोपेत दात आवळून धरण्याच्या सवयीचा आणि तिच्यामुळे जडणाऱ्या जबड्याच्या सांधेदुखीचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता. गेली सहा वर्षे मी हे दुखणे काढते आहे, म्हणून ती उणीव मला चटकन जाणवली.

वास्तविक या सवयीला आपल्याकडे जुने नाव आहे. पोर झोपेत दात खाते असे आपण म्हणतो, आणि त्याचे निदानही घरोघरी ठरलेले असते : पोटात जंत झाले असणार. माझ्या धाकट्या भावाला त्यापायी लहानपणी वावडिंगाचे पाणी प्यावे लागले होते. मोठी माणसेही झोपेत दात खात असतील, ही शंका मात्र कोणाला येत नाही. करकर आवाज होत असेल तर निदान शेजारी झोपलेल्याला तरी कळते. माझ्यासारखी माणसे दातावर दात घासत नाहीत, नुसती घट्ट आवळून धरतात, त्यामुळे आमच्या यजमानांनाही कधी पत्ता लागला नाही.

मी एका सहकारी पतसंस्थेत हिशेबनीस आहे. एका मार्चअखेरीला सकाळी उठल्यावर उजवा कान ठणकू लागला आणि कानशिले जड होऊ लागली. कानाच्या डॉक्टरांना कानात काही दिसले नाही, तरी त्यांनी थेंब दिले. मग वरची दाढ दुखते आहे असे वाटून तिचे रूट कॅनाल झाले, वर टोपी बसली, आणि दुखणे जिथल्या तिथे राहिले. पुढे डोक्याचा एमआरआय झाला, तोही निर्दोष आला. यात कोणाचा हेतू वाईट होता असे मला मुळीच म्हणायचे नाही. प्रत्येकाने आपापल्या हद्दीत पाहिले, आणि हा सांधा नेमका हद्दीवर पडतो. दीड वर्षाने एका तरुण दंतवैद्य बाईंनी माझ्या गालांच्या आतल्या बाजूला दातांच्या रेषेत उमटलेली पांढरी रेघ आणि जिभेच्या कडेवरचे दातांचे वळ पाहिले, दोन्ही गालांत बोटे रुतवून दाबले, आणि मी खुर्चीतच कळवळले. "रात्री दात आवळता का हो?" हा साधा प्रश्न तोवर मला कोणी विचारलाच नव्हता.

कानाच्या पुढे बोट टेकवून तोंड उघडले-मिटले की जो भाग बोटाखाली सरकतो, तो हा सांधा. तो नुसता बिजागरीसारखा फिरत नाही, तोंड मोठे उघडताना पुढे घसरतोही, आणि त्यातली लहानशी चकती जागची सरकली असेल तर 'कट्' असा आवाज येतो. (दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर त्या आवाजावर उपचार करावे लागत नाहीत, हे कळेपर्यंत मी प्रत्येक जांभईला धसकत असे.) माझे दुखणे सांध्यापेक्षा तो ओढणाऱ्या गालातल्या आणि कानशिलावरच्या स्नायूंचे अधिक होते. एरवी ओठ मिटलेले असले तरी वरच्या आणि खालच्या दातांत थोडी फट असते, दात एकमेकांना टेकतात ते मुख्यतः चावताना आणि गिळताना. माझे स्नायू मात्र रात्रपाळीही करत होते.

मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते उपचारांच्या क्रमाविषयी. निदान झाल्यावर एका ठिकाणी मला दातांची ठेवण उंचसखल असल्याचे सांगून दात थोडे घासून बरोबर करण्याचा सल्ला मिळाला. झोपेतले दात आवळणे हे दातांच्या ठेवणीमुळे होते, ही समजूत आता मागे पडली आहे. त्याचे मूळ झोप आणि मेंदू यांच्या व्यवहारात अधिक असल्याचे मानले जाते. ताण, कॅफीन, मद्य, तंबाखू, नैराश्यावरील काही औषधे, काहींच्या बाबतीत घोरण्याबरोबर श्वास अडखळणे, यांच्याशीही त्याचा संबंध दिसतो. जबड्याच्या दीर्घकालीन दुखण्यासाठी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात 2023 साली ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांत जबड्याचे व्यायाम, हाताने केलेले उपचार आणि विचार-वर्तनाची सवय बदलणारे समुपदेशन यांना वरचे स्थान आहे, तर दातांवर बसवून त्यांची ठेवण कायमची बदलणाऱ्या प्लेटला आणि सांध्यातली चकती काढण्याच्या शस्त्रक्रियेला स्पष्ट विरोध आहे. घासलेला दात परत वाढत नाही, म्हणून असा सल्ला मिळालेल्या वाचकांनी निदान दुसरे मत घेतल्याखेरीज तोंड उघडू नये.

रात्री लावायच्या प्लेटविषयीही गैरसमज आहेत. माझ्या मापाची कडक प्लेट सहा हजारांना पडली आणि ती मी वापरते. पण ती दातांची झीज वाचवते, आवळणे थांबवत नाही. दुखणे कमी करण्याचा उपाय म्हणून त्याच शिफारशींनी तिच्या बाजूने कौल दिलेला नाही, आणि स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शनांच्या बाजूनेही नाही.

मला खरा उतार पडला तो टिकल्यांनी. आकडे पडताळताना मी दिवसाही दात आवळून बसते, हे लक्षात आल्यावर मी संगणकाच्या कोपऱ्यात, स्वयंपाकघरातल्या घड्याळावर आणि गाडीच्या आरशावर एकेक लाल टिकली लावली. टिकली दिसली की दात सुटे करायचे, जिभेचे टोक वरच्या दातांमागे टाळूला टेकवायचे आणि खांदे सैल सोडायचे. कार्यालयात थट्टा झाली, ती व्हायचीच. याखेरीज रात्री दहा मिनिटे गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलचा शेक, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम, संध्याकाळचा चहा बंद, आणि दुखणे उसळेल त्या आठवड्यात भाकरी आमटीत कुस्करून खाणे. तीन महिन्यांनी सकाळी तीन बोटे उभी तोंडात मावू लागली. त्याआधी दोनही कष्टाने जात. दुखणे गेलेले नाही, मार्चमध्ये ते हमखास डोके वर काढते.

तोंड कमी उघडण्याची कारणे इतरही असतात. सुपारी-गुटखा खाणाऱ्यांमध्ये गालाची आतली त्वचा कडक होऊन तोंड आखडते, तो आजार वेगळा आणि कर्करोगाकडे नेऊ शकणारा आहे. राज्यात 2012 पासून गुटखाबंदी असूनही ते रुग्ण कमी नाहीत. जिने चढताना जबडा दुखत असेल तर आधी हृदय तपासून घ्यावे.

आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसी दातांचे बाह्यरुग्ण उपचार वगळतात आणि हे दुखणे बहुधा दातांच्या खात्यातच टाकले जाते, त्यामुळे माझा बहुतेक खर्च पदरचाच झाला. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत तरी दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक आठवड्यातून एक दिवस एकाच ठिकाणी भेटतील, अशी सोय शासनाने करावी. आणि आपण आरोग्य पुरवणीत या विषयावर एखाद्या तज्ज्ञाचा स्वतंत्र लेख छापावा, शक्यतो फेब्रुवारीत. आमच्यासारख्या हिशेबनिसांना तो वेळेवर मिळेल.

आपली,
एक वाचक, सांगली