वजा सात निळी पेनं

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "आई, कॉम्प्युटर बिघडलाय, निळी पेनं वजा सात दाखवतोय." मी गप्प बसले, कारण ती करणी माझीच. गिऱ्हाईक एक निळं, एक काळं, एक लाल पेन घेतं. किंमत सारखीच. मागे रांग लागली की मी निळंच तीनदा स्कॅन करायचे. रात्री गल्ला बरोबर जुळायचा, मग शंका कशाला येणार? पण निळ्यांचा आकडा शून्याखाली गेला आणि काळी पेनं स्क्रीनवर ११, फळीवर एकही नाही. वजा सात निदान डोळ्यांत खुपतं. ते ११ जास्त वाईट. माल आहे असं दिसत असल्यामुळे कुणी मागवत नाही आणि गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जातं.

म्हणून नवं सॉफ्टवेअर घ्यायचं थोडं लांबव. वर्षातून एकदा दुकान बंद ठेवून सगळं मोजायचं, हे मी इतकी वर्षं केलं. फरक सापडायचा, पण तो कधी पडला आणि कशाने, ते काही लागायचं नाही. तू रोज उघडण्याआधी दहा-बारा वस्तू मोज. भराभर खपणाऱ्या आठवड्याला एकदा, मधल्या महिन्याला, बाकीच्या तीन महिन्यांनी आल्या तरी चालतील. आधी मोजायचं, मग स्क्रीन बघायची; उलट केलंस तर तोच आकडा मोजून होतो. फरक निघाला की कारणही लिही: चुकीचं स्कॅन, मोडतोड, परत आलेला माल नोंदवायचा राहिला. आणि माल उतरवणारा कितीही घाई करू दे, नग मोजल्याशिवाय चलनावर सही करू नकोस.

तुझ्या पुस्तकातलं हॅरिसचं १९१३चं सूत्र एका वेळी किती मागवावं ते सांगतं. केव्हा मागवावं, ते वेगळं काढावं लागतं. वह्या रोज ४ खपतात, माल यायला ६ दिवस, म्हणून तू २४ उरल्या की मागवतेस. पण एखाद्या आठवड्यात रोज ६ खपल्या आणि माल आठव्या दिवशी आला तर? ४८ लागतील. वह्यांसाठी ४८च धर, कारण वही नाही म्हटलं की गिऱ्हाईक बाकीची यादीही दुसरीकडे नेतं. मागवलेला पण अजून न आलेला माल शिलकेत धरायला विसरू नकोस, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा ऑर्डर जाईल.

सगळ्यालाच एवढा साठा नको हं. माळ्यावरच्या फाइलींचे गठ्ठे बघ. सवलतीला भुलून मीच घेतले होते. मिळेल त्या भावाने काढून टाक, माझ्याकडे बघू नकोस.

सोमवारी दुकानात येतेय. लाल पेनं मी मोजेन. आकडा आधी सांगू नकोस.

तुझी आई