पूल मिळाला, पीएच कोण बघणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मे महिना आला की आमच्या मुलुंडकडच्या नवीन टॉवरांच्या स्विमिंग पूलवर पोरांची झुंबड उडते आणि रात्री सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लाल डोळ्यांचे फोटो पडायला लागतात. उत्तरंही ठरलेली. एक म्हणणार क्लोरीन जास्त झालंय, दुसरा म्हणणार वास येतोय म्हणजे पाणी स्वच्छ आहे, तिसरा म्हणणार पूलवालाच बदला. त्या दिवशी पाण्याचा पीएच (पाणी ॲसिडकडे झुकलंय की सोड्याकडे ते सांगणारा आकडा) किती होता हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून हे पत्र, जरा लांब झालंय, पण कापताना आकडे तेवढे ठेवा ही विनंती.

रिडेव्हलपमेंटमुळे आमच्यासारखी माणसं, ज्यांच्या जुन्या बिल्डिंगीत सकाळी तासभर पाणी यायचं, ती एकदम पूलची मालक झालीत. बिल्डर पझेशन देताना लिफ्टचे कागद देतो, फायरचे देतो, पूलचं म्हणाल तर पंप रूमची चावी आणि पावडरचा अर्धा ड्रम. पूलमध्ये पाणी किती लिटर मावतं हे विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात. अहो साधं गणित आहे, १२ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल म्हणजे ७२ हजार लिटर, बॅलन्सिंग टँक (पूलमधून ओसंडलेलं पाणी धरणारी टाकी) असेल तर ते वेगळं. हा आकडा माहीत नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे, आणि बहुतेक ठिकाणी तसंच चाललंय, मुठीने पावडर टाकतात.

मी सोसायटीची खजिनदार आहे, केमिकलची बिलं माझ्या सहीने जातात, त्यामुळे हे सगळं वाचावं लागलं. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं असं की नुसतं क्लोरीन किती टाकलं याला अर्थ नाही, पीएच किती आहे त्यावर ते काम करणार की नाही ते ठरतं. पीएच ७.२ असेल तर पाण्यातल्या मोकळ्या (म्हणजे अजून घाणीशी न जुळलेल्या) क्लोरीनपैकी साधारण दोन तृतीयांश जंतू मारायच्या कामाचं असतं, ७.५ ला निम्मं, आणि ८ वर गेलात की जेमतेम पाव. म्हणजे तेच बिल, तोच ड्रम आणि काम पाव. म्हणून पीएच ७.२ ते ७.८ मध्ये आणि मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम) ठेवा म्हणतात. आपल्या ७२ हजार लिटरला १ पीपीएम वाढवायचं तर १० टक्केवालं हायपो (कॅनमधून येणारं पातळ क्लोरीन) पाऊण लिटरसुद्धा लागत नाही. फक्त ते हायपो ताजं पाहिजे, मे महिन्यात गच्चीवर तापत पडलेल्या कॅनमधलं १० टक्के १० टक्के राहत नाही, भराभर उतरतं.

आता तो वास. नाकात जातो आणि डोळे चुरचुरतात तो वास बहुतेक वेळा मोकळ्या क्लोरीनचा नसतोच. घाम, अंगाला लावलेलं तेल-क्रीम आणि (लिहायला लाज वाटते, पण सगळ्यांना माहीत आहे) लघवी यांच्याशी क्लोरीन मिळून क्लोरामाइन्स तयार होतात, तो त्यांचा वास. म्हणजे वास आला याचा अर्थ क्लोरीन खर्ची पडलंय. अशा वेळी क्लोरीन कमी करायला सांगणारे सभासद आणि थोडं थोडं वाढवत राहणारा पूलवाला, दोघांचंही चुकतं. रात्री पूल बंद ठेवून एकदाच भरपूर डोस द्यायचा असतो, बांधलेल्या (म्हणजे क्लोरामाइन्समध्ये अडकलेल्या) क्लोरीनच्या साधारण दहापट, आणि मोकळं क्लोरीन परत खाली येईपर्यंत कुणाला पाण्यात उतरू द्यायचं नाही. आणि त्याहून स्वस्त उपाय म्हणजे आधी शॉवर घेऊन उतरणे, पण हे ग्रुपवर लिहिलं की लोकांना राग येतो.

हे बांधलेलं क्लोरीन मोजायचं कसं? इथेच गोम आहे. दोन बाटल्यांचं जे स्वस्तातलं किट सगळीकडे दिसतं, त्यातला पिवळा रंग एकूण क्लोरीन दाखवतो, मोकळं आणि बांधलेलं एकत्र. पाणी छान पिवळं झालं की पूलवाला खूश, आपण खूश, आणि त्यातलं अर्धं क्लोरामाइन असू शकतं. डीपीडीच्या गुलाबी होणाऱ्या गोळ्यांचं किट घ्या, एका गोळीने मोकळं कळतं, दुसरीने एकूण, वजाबाकी करा. ०.४ पीपीएमच्या वर फरक गेला की समजायचं पाणी बिघडतंय. थोडं महाग पडतं पण ड्रमच्या पुढे काहीच नाही.

मुंबईचं म्हणून एक वेगळं दुखणं आहे. पालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा धरणांतलं, म्हणजे पावसाचंच साठवलेलं, मऊ. प्यायला उत्तम, डाळ पटकन शिजते, पण पूलला त्यात क्षार कमी पडतात. अल्कलिनिटी (पीएचला सावरून धरणारे क्षार) कमी असली की पीएच एका जागी थांबत नाही, जरा ॲसिड पडलं की धाडकन खाली, जरा सोडा ॲश पडला की वर. आणि कॅल्शियम कमी असलं की पाणी ते टाइल्सच्या सांध्यातल्या सिमेंटमधून घ्यायला लागतं, ग्राउट भुसभुशीत होतो. अल्कलिनिटी ८० ते १२० आणि कॅल्शियम हार्डनेस २०० ते ४०० पीपीएम ठेवा असं सांगतात. अल्कलिनिटीला साधा खाण्याचा सोडा चालतो, ५० वरून ९० वर न्यायची तर ७२ हजार लिटरला पाच किलोच्या आतबाहेर, तोही दोन-तीन हप्त्यांत. उलट पाणीकपातीत टँकर मागवला की बोअरचं जड पाणी येतं आणि त्यात लोह असलं तर क्लोरीन पडल्या पडल्या सगळा पूल चहाच्या रंगाचा. मग तुरटी आणा, बॅकवॉश करा (फिल्टर उलट्या पाण्याने धुवा), परत पाणी वाया. तेव्हा टँकर आला की आधी बादलीभर पाण्यात क्लोरीन टाकून बघावं, एवढं तरी वॉचमनला शिकवता येतं.

टीसीसीएच्या (हेही क्लोरीन देणारं केमिकलच) गोळ्या आणि पावडर लोकांना आवडतात कारण सोपं पडतं. पण त्यातून क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिडही पाण्यात जातं. ते थोडं हवंच, नाहीतर आपल्या उन्हात उघड्या पूलमधलं क्लोरीन दोन-तीन तासांत बहुतेक उडून जातं. ३० ते ५० पीपीएम पुरे. पण १० पीपीएम क्लोरीनमागे साधारण ६ पीपीएम हे वाढतं, रोज २ पीपीएम क्लोरीन टाकत असाल तर महिन्याला पस्तीसेक, आणि ते आपणहून कुठे जात नाही. फार साचलं की क्लोरीनचा आकडा चांगला दिसतो आणि पाणी मात्र हिरवं. आमटीत मीठ जास्त झालं की पाणीच वाढवावं लागतं तसं, अर्धा पूल काढून नवीन पाणी भरण्याशिवाय साधा उपाय नाही. जूनमध्ये पाऊसच ते काम फुकट करतो हा भाग वेगळा, पण तो अल्कलिनिटीही धुऊन नेतो आणि शेवाळाला खाऊ देऊन जातो.

शेवाळ झालं की मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, टाकणारेही आहेत. सकाळी पोहणाऱ्या आमच्या ज्येष्ठ मंडळींच्या पांढऱ्या केसांना हिरवट झाक आली की समजायचं पाण्यात तांबं जास्त झालंय. ते हसण्यावारी नेतात, मला हसू येत नाही.

आणि खरी काळजी पाण्याची नाही, पंप रूमची आहे. कधी तुमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये जाऊन बघा. ॲसिडचा कॅन आणि हायपोचा कॅन शेजारी शेजारी, झाकणं सैल, हवा खेळायला जागा नाही. ही दोन सांडून एकत्र आली की तिथल्या तिथे क्लोरीन वायू तयार होतो. ब्लीचिंग पावडर आणि टीसीसीए, दोन्ही पांढरी, दोन्हींना एकच मग वापरतात, ती एकमेकांत मिसळली आणि ओल लागली तर आग लागू शकते, स्फोट होऊ शकतो. तिथे काम करणारा पोरगा अठरा-वीस वर्षांचा, हातात मोजे नाहीत, डोळ्यांवर चष्मा नाही, बिचाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं की पावडरवर पाणी ओतायचं नाही, पाण्यात पावडर टाकायची. आपण वर पोडियमवर नारळपाणी पीत बसतो. कमिटीने ॲसिड वेगळ्या ठिकाणी, कुलपात ठेवायचं म्हटलं तर कितीसा खर्च आहे?

माझं म्हणणं एवढंच की पूलच्या गेटवर एक पांढरा बोर्ड लावा आणि रोज दोनदा मार्करने लिहा, पीएच इतका, मोकळं क्लोरीन इतकं, वेळ अमुक, सही तमुक. तळातली जाळी काठावरून स्पष्ट दिसतेय की नाही हेही लिहा, ती दिसत नसेल तर पूल बंद, कारण गढूळ पाण्यात बुडणारं पोर लाईफगार्डलाही दिसत नाही. आठवड्यातून एकदा अल्कलिनिटी, महिन्यातून एकदा हार्डनेस आणि सायन्युरिक. पूलवाल्याशी करार करताना ड्रमवर पैसे ठरवू नका, आकडे जाग्यावर ठेवण्याचे पैसे द्या. ड्रमवर ठरवलं की प्रत्येक तक्रारीचं औषध अजून एक ड्रम हेच असणार, त्याचाही संसार आहे. आणि महापालिकेने आपल्या तरण तलावांवर असे रोजचे आकडे ठळक लावले तर सोसायट्यांना बोट दाखवायला एक उदाहरण होईल.

या नोंदींचा अजून एक उपयोग आहे, तो बऱ्याच कमिट्यांच्या लक्षात येत नाही. रेरा कायद्याप्रमाणे पझेशनपासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. पण टाइल्स सुटल्या, ग्राउट गेला, बॅलन्सिंग टँक गळायला लागला की तो सरळ म्हणणार, केमिकल तुम्ही टाकलं, पाणी तुम्ही बिघडवलं. तेव्हा तुमच्याकडे पहिल्या दिवसापासूनची वही असली पाहिजे. तुमच्या पेपरात सोसायट्यांच्या प्रश्नांवर लेख येत असतात, त्यात एकदा एखाद्या वकिलाकडून आणि पाण्यातल्या जाणकाराकडून पूलच्या हँडओव्हरवर लिहून घ्या, आणि सप्टेंबरच्या एजीएमच्या आधी छापा, म्हणजे सभेत कात्रण दाखवता येईल.

कळावे,
एक खजिनदार, मुलुंड