बाबा, या सुट्टीत केडंब्याला जाऊ

ठाणे,
27 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुकाराम ओंबळ्यांच्या गावी, केडंब्याला, होणाऱ्या त्यांच्या स्मारकाचा विषय निघाला तेव्हा तुम्ही म्हणालात, "ओंबळ्यांनी ड्युटी केली. ड्युटीला कोट्यवधींचं स्मारक कशाला लागतं?" आणि लगेच फोन आईकडे दिलात. फोनवर तुम्ही दोन वाक्यांत विषय मिटवता, म्हणून हे पत्र लिहिते आहे. पत्र आलं की तुम्ही ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचता, आणि मग आई पुन्हा मोठ्यानं वाचून घेते, हे मला ठाऊक आहे.

तुमच्या बोलण्यात आकस नव्हता हे मी जाणते. तुकाराम ओंबळे हे नाव कानावर आलं की तुम्ही आजही बसल्या जागी पाठ सरळ करता. आपल्याच जावळीचा माणूस, आधी सैन्यात सिग्नलला, नाईक म्हणून निवृत्त होऊन 1991 साली मुंबई पोलिसांत आलेला. आपल्या खोऱ्यातली अर्धी माणसं मुंबईला माथाडी कामाला गेली, उरलेली फौजेत नाहीतर पोलिसांत. तुम्ही त्यांना ओळखत नव्हतात, तरी त्यांचं आयुष्य तुम्हाला आतून ठाऊक आहे. म्हणूनच त्यांच्यावर फुलं उधळलेली बघून तुम्हाला अवघडायला होत असावं. आपल्या घरातल्या माणसाचं कौतुक चारचौघांत झालं की होतं तसं.

पण मला तुमचं म्हणणं पटलेलं नाही. का ते सांगते.

तुमच्या नातवाला शाळेत 26 नोव्हेंबरवर बोलायचं होतं, म्हणून मागच्या आठवड्यात मी त्याला 2008 ची ती रात्र नीट सांगितली. इथेही लिहिते. कुठं चुकलं तर तुम्ही दुरुस्त करा, कारण आम्ही ते टीव्हीवर पाहिलं आणि तुम्ही त्या रात्री जे.जे. रुग्णालयाच्या दारात बंदोबस्ताला होतात. सीएसटी झालं, कामा रुग्णालय झालं, रंगभवनच्या गल्लीत करकरे, कामटे आणि साळसकर गेले. कसाब आणि इस्माईल हे दोघं अतिरेकी पोलिसांचीच क्वालिस घेऊन पळाले, तिचं टायर बसलं, मग त्यांनी एक स्कोडा हिसकावली आणि मरीन ड्राइव्हनं गिरगाव चौपाटीकडे निघाले. डी. बी. मार्ग ठाण्याची माणसं तिथं नाकाबंदी लावून उभी होती. मध्यरात्र उलटून गेली होती. गाडी अडथळ्याच्या अलीकडेच थांबली. हेडलाइट चालू ठेवले, काचेवर पाणी मारून वायपर सुरू केले, म्हणजे आत कोण बसलंय ते दिसू नये. मग वळून मागे पळायला गेली आणि दुभाजकावर आदळली. गोळीबारात इस्माईल पडला. दुसऱ्या बाजूनं कसाब उतरला आणि सहायक फौजदार ओंबळे त्याच्यावर धावून गेले. हातात लाठी. त्यांनी एके-47 ची नळी दोन्ही हातांनी पकडली. गोळ्या पोटात जात राहिल्या, तरी पकड सुटली नाही. तेवढ्या वेळात बाकीच्यांनी लाठ्यांनी कसाबला खाली पाडलं. संजय गोविलकर साहेबांनाही तिथंच गोळी लागली.

हे सांगताना नातू मध्येच म्हणाला, "आई, लाठी म्हणजे नुसती काठी?" मला उत्तर देता येईना. आपल्या क्वार्टरमध्ये दाराच्या मागे तुमची लाठी उभी असायची. आम्ही बहिणी तिनं माळ्यावरची गोधडी खाली ओढायचो, आई तिनं दोरीवरचे कपडे सारखे करायची. तीच लाठी घेऊन तुम्ही नाकाबंदीला, मोर्चाला, विसर्जनाला जायचात आणि आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. ओंबळ्यांच्या चार मुलींनाही वाटलं नसेल. वरळीच्या पोलीस कॅम्पातल्या त्यांच्या घरीही ती अशीच कुठंतरी टेकवलेली असणार.

बाबा, तुम्ही म्हणता ते "ड्युटी केली" हे त्यांच्या सहकाऱ्यांनीही सांगितलंच, पण कुठे, ते आठवा. भाषणात नाही. आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात, शपथेवर. 2009 मध्ये डी. बी. मार्ग ठाण्याच्या लोकांनी तिथं साक्षी दिल्या. गाडी किती अंतरावर थांबली, दिवे कसे होते, वायपर कसे फिरत होते, कोण कुठं उभं होतं, ओंबळे कसे पुढे झाले. उलटतपासणी झाली तेव्हा तेच पुन्हा सांगितलं. मला वाटतं, त्यांना वाहिलेली पहिली खरी श्रद्धांजली ती. रडून बोलायची मुभा नव्हती. आपला माणूस डोळ्यांदेखत गेला आणि त्याची शेवटची मिनिटं वकिलाच्या प्रश्नांना उत्तरं देत क्रमानं सांगायची. पुढे 6 मे 2010 ला कसाबला फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयानं आणि सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात अंमल झाला. कसाबच्या जवळ खोट्या नावाचं, हैदराबादच्या कॉलेजचं ओळखपत्र होतं. तो मेलेला सापडला असता तर त्या ओळखपत्रावरून काय काय रचलं गेलं असतं, याचा विचार तुम्हीच एकदा माझ्यासमोर बोलून दाखवला होतात. जिवंत हाती लागला म्हणून तो कुठून आला, कुणी पाठवला, बोट कुठली, सगळं न्यायालयात मांडता आलं. एका माणसानं नळी सोडली नाही, त्यावर हे सगळं उभं आहे.

आता अनोळखी माणसांचं सांगते. तुम्हाला त्यांचंच खटकतं ना, की ज्यांना पोलिसाशी एरवी बोलायचं नसतं ते 26 नोव्हेंबरला मेणबत्त्या लावतात?

काल शाळा सुटल्यावर नातवाला घेऊन चौपाटीला गेले होते. ओंबळ्यांच्या पुतळ्याला हार घातले होते, वर्दीतली माणसं सकाळीच येऊन गेली होती. तिथं एक परगावचं कुटुंब उभं होतं, त्यांना हा पुतळा कुणाचा ते कळत नव्हतं. चणे-शेंगदाणे विकणाऱ्या एका भय्यानं टोपली खाली ठेवली आणि त्यांना सगळं सांगितलं. गाडी कुठून आली, कुठं आदळली, हात करून करून. त्याच्या सांगण्यात एक-दोन तपशील इकडचे तिकडे झाले होते, पण "हमारे तुकाराम साहब" असं म्हणून तो सांगत होता. जावळी कुठं आहे हे त्याला माहीत असायचं कारण नाही. तरी ते "हमारे" ऐकताना मला तुमची फार आठवण आली. तुम्ही तिथं असता तर त्याच्याकडून पावशेर चणे घेऊन गुपचूप पुढे गेला असता.

आणि एक गोष्ट तुम्हाला नक्की आवडेल. मी नववीला जीवशास्त्र शिकवते, म्हणून ती माझ्या ध्यानात राहिली. 2021 मध्ये काही अभ्यासकांनी ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला ओंबळ्यांचं नाव दिलं, आयशियस तुकारामी. हा उड्या मारणाऱ्या कोळ्यांपैकी आहे. तो जाळं विणून भक्ष्याची वाट बघत नाही, समोर दिसलं की झेप घेतो. ज्यांनी हे नाव दिलं ते पोलीस नव्हते. कोळ्यांचा अभ्यास करणारी ही माणसं, स्वतःच्या कामातली सगळ्यात टिकाऊ गोष्ट त्यांनी एका सहायक फौजदाराला दिली. सरकारं बदलतील, पुतळे हलवले जातील, शास्त्रीय नाव मात्र शेकडो वर्षं पुस्तकांत राहतं. पुढे कुठला तरी परदेशी विद्यार्थी विचारेल, हे तुकाराम कोण? त्याला कुणी तरी सांगेल. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प झाली होती.

26 जानेवारी 2009 ला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिलं गेलं, त्याचा मान मोठाच आहे. आई, तू तेव्हा टीव्हीसमोर उभी राहिली होतीस, बसायला तयार नव्हतीस. बाबा कामावर होते, त्यांना हे मी आज सांगते आहे.

तुझ्याबद्दलच लिहायचं आहे, आई. नायगावच्या मैदानावर 21 ऑक्टोबरला स्मृतिदिनाची परेड व्हायची. 1959 साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी सैनिकांच्या गोळीबारात केंद्रीय राखीव दलाचे दहा जवान गेले, त्यांच्या आठवणीत हा दिवस पाळतात, हे मला खूप उशिरा कळलं. लहानपणी कळायचं एवढंच, की लाईनीतल्या सगळ्या बायका कडेला उभ्या राहायच्या, शोकशस्त्रचा हुकूम व्हायचा, बिगुल वाजायचं, आणि वर्षभरात देशात ड्युटीवर गेलेल्या पोलिसांची नावं वाचली जायची. मणिपूर, छत्तीसगड, झारखंड, काश्मीर. यादी लांबलचक. आम्ही कंटाळून पाय बदलत उभ्या असायचो आणि तू पदर तोंडाला लावून रडायचीस. गावांची नावंसुद्धा तुला उच्चारता यायची नाहीत. एकदा मी विचारलं तर म्हणालीस, "त्यांच्या घरी आज सैपाक झाला नसंल गं." त्या चणेवाल्याचं आणि तुझं नातं मला काल कळलं.

26/11 च्या रात्री तू फोनशेजारी बसून होतीस. बाबा तिसऱ्या दिवशी घरी आले, अंघोळ केली, जेवले आणि झोपले. जे.जे.ला काय पाहिलं ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. लाईनीतली सगळीच घरं तशी होती. बायकांनी विचारायचं नाही आणि पुरुषांनी सांगायचं नाही. मग आपल्या माणसांबद्दल कोण बोलणार? परकेच बोलणार. ते आपल्यापेक्षा थोडं जास्त सजवून बोलतील, पण बोलतील तरी.

तुमच्या एका म्हणण्याशी मात्र मी पूर्ण सहमत आहे, बाबा. पुतळा एकाचा होतो आणि बाकीचे राहून जातात. विलास शिंदे आठवतात ना? ते वाहतूक शाखेचे हवालदार, आपल्या सातारा जिल्ह्यातलेच. ऑगस्ट 2016 मध्ये खारला एका पोराला विना हेल्मेट अडवलं, कागदपत्रं मागितली, म्हणून डोक्यात मार बसला आणि आठवडाभरानं गेले. तिथं एके-47 नव्हती, दहशतवादी नव्हते. रोजची ड्युटी, पेट्रोल पंप, भर दुपार. किंवा करोनात गेलेले. राज्यात पोलीस दलातली शेकडो माणसं गेली, आणि कितीतरी घरांना शेवटचं तोंडसुद्धा बघता आलं नाही. या सगळ्यांसाठी चौपाटीवर कुणी थांबत नाही. तुमचा राग त्याचा आहे आणि तो बरोबर आहे. पण त्यावर उपाय म्हणून ओंबळ्यांचं स्मारक नको, हे मला मान्य नाही. मार्चमध्ये सरकारनं साडेतेरा कोटींच्या आसपास रक्कम त्यासाठी मंजूर केली. होऊ दे ते भव्य. आपल्या खोऱ्यातल्या पोरांनी भरतीची तयारी करताना तिथवर पळत जावं. आणि तिथं ओंबळ्यांबद्दल विचारणाऱ्या पोराला बाकीच्यांबद्दल सांगणारं कुणीतरी हवं.

ते तुम्ही करा, बाबा. तुमच्याबरोबर भरती झालेले, तुमच्या कंपनीतले, ज्यांचे बक्कल नंबर तुम्हाला अजून तोंडपाठ आहेत, त्यांच्यातले कोण कसे गेले ते वहीत लिहा. मोठं नको. नाव, गाव, कुठली ड्युटी, काय झालं. स्टेशन डायरीत लिहायचात तसं कोरडं लिहिलंत तरी चालेल. ज्यांना हृदयविकारानं बंदोबस्तावरच गाठलं त्यांनाही लिहा, ते कुठल्याच यादीत येत नाहीत. मी ते टाइप करून त्यांच्या घरच्यांपर्यंत पोचवीन. तुमच्या दोस्ताच्या मुलीला तिच्या बापाविषयी तुमच्या हातची चार ओळींची नोंद मिळाली तर तिला काय वाटेल, हे मला सांगता येतं, कारण मीही हवालदाराचीच मुलगी आहे.

नाताळच्या सुट्टीत आम्ही तिघं येतो. साताऱ्याहून मेढ्याची एसटी धरू, स्टँडवर घ्यायला येऊ नका, थंडी असते. एक दिवस केडंब्याला जाऊ. आई, तूही चल, रिक्षा सांगू म्हणजे गुडघ्याला त्रास होणार नाही. नातवाला त्याचं भाषण तुम्हाला म्हणून दाखवायचं आहे. त्यानं त्यात तुमचा बक्कल नंबर घातला आहे, तो बरोबर आहे का ते तेवढं फोनवर सांगा.

शंभर पानी वही आणि निळ्या शाईची दोन पेनं सोबतच्या पाकिटात आहेत. आईची साखर तपासून घ्या, मागच्या महिन्यात राहिलीय.

तुमची,
सुनंदा